पगार थांबतो तेव्हा आणखी पाच गोष्टी थांबतात

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की वर्षभरात आपल्या मनुष्यबळातली सुमारे २ टक्के माणसं, म्हणजे बारा हजारांहून अधिक, कमी केली जातील आणि त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतले लोक जास्त असतील. बातमी देशभराची होती. पण नवी मुंबईतल्या ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडवर ती घरची बातमी असल्यासारखी वाचली गेली. पंधरा-वीस वर्षांचा अनुभव, घराचं कर्ज अजून निम्मं बाकी, एक मूल दहावीला: असं घर इथल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत आहे. शिवाय नोकऱ्या फक्त आयटीतच जात नाहीत. औषध कंपन्या, लॉजिस्टिक्स, बँकांची बॅक ऑफिसं, खासगी शाळा, सगळीकडून अधूनमधून अशी खबर येतेच.

मग चर्चा सुरू होते ती एआयची, नुकसानभरपाईची, नव्या कोर्सची. एक नोकरी सुटून दुसरी लागेपर्यंतच्या महिन्यांत मनाचं काय होतं, यावरचं बोलणं मात्र दोन वाक्यांत आटोपतं: "खचू नकोस" आणि "पॉझिटिव्ह राहा." सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण न खचण्यासाठी सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. खरं तर या प्रश्नावर गेली जवळजवळ शंभर वर्षं अभ्यास होत आलाय आणि हाती लागलेली उत्तरं बऱ्यापैकी ठोस आहेत. नोकरी गेलेल्या माणसापर्यंत आणि त्याच्या घरच्यांपर्यंत ती पोचायला हवीत, असं मला फार मनापासून वाटतं.

## गिरणी बंद पडलेलं एक गाव

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची एक छोटी वस्ती होती. सगळी वस्ती एका कापडगिरणीवर जगायची. मंदीच्या तडाख्यात १९२९-३० च्या सुमारास ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळी घरं एकदमच बेकार झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण अभ्यासक तिथे गेले. लोकांच्यात मिसळून त्यांनी पाहिलं, मोजलं, लिहून काढलं, आणि १९३३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

कुणालाही वाटेल की माणसांना भरपूर मोकळा वेळ मिळाला, तर ती निदान वाचतील, शिकतील. तिथलं कामगार वाचनालय आता फुकट होतं. तरीही दोन वर्षांत वाचायला नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. अभ्यासकांनी खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या चालीचा वेग मोजला, तर पुरुष हळूहळू चालत होते, चालता चालता पुन्हा पुन्हा थांबत होते. दिवसभरात काय केलं ते तासातासाने लिहा, असं सांगितलं तेव्हा अनेक पुरुषांना उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत आपण काय केलं हेच सांगता येईना.

आपल्याकडच्या घरांतही हे दिसतं. "वेळ मिळाला की वाचीन" म्हणत जमवलेली पुस्तकं कपाटात असतात. नोकरी जाते, वेळच वेळ मिळतो, आणि चार पानंही वाचून होत नाहीत. माणूस स्वतःला आळशी ठरवतो, घरचेही तसंच समजायला लागतात. मारिएन्थालमध्ये एका वेळी सगळे आळशी झाले नव्हते. एवढ्या माणसांचं एकसारखं होतं तेव्हा कारण स्वभावात शोधून चालत नाही, ते परिस्थितीत असतं.

## नोकरी पगाराशिवाय काय देते

पुढची अनेक वर्षं याहोडा याच प्रश्नावर विचार करत राहिल्या. त्यांची मांडणी अशी: नोकरी उघडपणे पगार देते, पण नकळत आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला चौकट. घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध. एकट्याने होणार नाही अशा कामात वाटा. चारचौघांत ओळख आणि पत. आणि पाचवी, मन असो नसो, हातपाय हलवायला लावणारी सक्ती.

घोडबंदर रोडच्या रहिवाशांना हे पाण्यावरून चटकन कळेल. शटडाऊनच्या दिवशी नळ कोरडा पडला की लक्षात येतं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं, भांडी, फ्लश, सगळं एकाच लाइनीवर चाललं होतं. मग टँकर मागवायचा, ड्रम भरून ठेवायचे. नळाची सोय त्यात नसते, पण घर चालतं. नोकरी ही तशीच एक लाइन आहे. ती तुटली की पगार थांबल्याचं लगेच कळतं, कारण बँकेचा मेसेज येत नाही. बाकी पाच गोष्टी थांबल्याचा मेसेज कुठूनच येत नाही. नुसतं उदास वाटत राहतं, चिडचिड होते आणि कारण सापडत नाही.

धक्का बसल्यावर पुन्हा रोजचं जगणं चालवण्याच्या स्थितीत येण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात मानसिक लवचिकता म्हणतात. ती असलेल्या माणसाला दुःख होत नाही असं मुळीच नाही. त्याला रडूही येतं, रात्री झोपही लागत नाही. फरक इतकाच की तुटलेल्या पाच गोष्टींची तात्पुरती सोय त्याने कुठून ना कुठून लावलेली असते. बऱ्याचदा ती त्याला आयती मिळालेली असते, म्हणजे मित्र, भजनी मंडळ, क्रिकेटचा ग्रुप, समजूतदार घर. ज्याला आयती मिळालेली नाही, त्याने ती जाणूनबुजून उभी करायची.

## "पण खरा प्रश्न पैशाचाच आहे ना?"

हा आक्षेप अभ्यासकांनीही घेतला आहे. १९८० च्या दशकात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रायर यांनी याहोडांना सरळ उत्तर दिलं: माणूस खचतो तो गरिबीमुळे आणि पुढचं काहीच ठरवता येत नाही म्हणून, पाच गोष्टींचं एवढं मोठं करू नका. मला फ्रायर यांचं म्हणणं खूप पटतं. ईएमआय थकलेल्या माणसाला रोज फिरायला जा म्हणून सांगणं क्रूरपणाचं आहे.

पण त्यांच्या वाक्याचा दुसरा भाग नीट बघा: पुढचं काहीच ठरवता येत नाही. पैसा किती कमी आहे याइतकाच, तो नेमका किती आहे हे माहीत नसण्याचाही छळ असतो. नोकरी गेल्यावर बरेच जण बँकेचं ॲप उघडायचंच टाळतात. याचा उलटा परिणाम होतो, कारण रात्री दोन वाजता मन स्वतःच आकडे लावत बसतं आणि ते नेहमी वाईटाकडचे असतात.

म्हणून पहिल्याच आठवड्यात, नवरा-बायकोने किंवा घरातल्या मोठ्यांनी मिळून, एका वहीत लिहून काढावं: हातातली रक्कम, येणं असलेला हिशेब, दर महिन्याचा चुकवता न येणारा खर्च, आणि भागाकार करून किती महिने निघतात तो आकडा. तो चार येवो की अकरा, "माहीत नाही" पेक्षा बरा, कारण त्यावरून काहीतरी ठरवता येतं. हप्ता चुकण्याची शक्यता दिसत असेल तर चुकण्याआधी बँकेत जाऊन बोलावं. चुकल्यावर तेच बोलणं जड जातं. एक गोष्ट हमखास विसरली जाते. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. घरात वयस्क आई-वडील असतील तर वैयक्तिक पॉलिसीचं काय करता येईल, हे विमा कंपनीला शेवटच्या दिवसाच्या आधी विचारून घ्यावं.

ही वही भरली तरी पाच गोष्टींचा प्रश्न उरतोच. दीड वर्षाचा पगार हातात घेऊन बाहेर पडलेली माणसंही तिसऱ्या महिन्यात कोमेजलेली दिसतात.

## सकाळचं काय करायचं

सगळ्यात आधी मोडते ती दिवसाची चौकट, आणि तीच सगळ्यात लवकर दुरुस्त होते.

वर्षानुवर्षं ठरावीक ट्रान्सहार्बर लोकल पकडणाऱ्या माणसाला वाटतं की घड्याळ आपल्या डोक्यात आहे. ते गाडीच्या वेळापत्रकात होतं. गाडी पकडायची नसली की झोप रात्री एकवर जाते, उठणं नऊवर, आंघोळ दुपारी. शरीराचं झोप-जागेचं चक्र सकाळच्या उजेडावर आणि उठण्याच्या ठरलेल्या वेळेवर चालतं. ती वेळ रोज बदलली की झोप बिघडते, आणि झोप बिघडली की मन आणखी खाली जातं. म्हणून झोपेची वेळ हातात नसली तरी उठण्याची धरून ठेवावी. उठून, आवरून, घराबाहेर पडावं. तलावपाळी, उपवन, वाशीचं सागर विहार, नेरुळचं ज्वेल, जे जवळ असेल ते. थंडीत ऐरोलीकडच्या खाडीत फ्लेमिंगो येतात आणि ते बघायला ऑफिसला असताना कधी सवड झालेली नसते.

इथे बहुतेक जण म्हणतात, "मूडच नसतो." ते खरंच असतं. नैराश्यावरच्या उपचारांत एक पद्धत याच अडचणीवर बेतलेली आहे. मूड आला की काम करू, असा आपला समज असतो. ती पद्धत क्रम उलटा करते. छोटं, ठरवलेलं काम मूडशिवाय करायचं, मूड थोडा मागाहून येतो. काम खरोखरच छोटं असावं. "रेझ्युमे पूर्ण करणे" हे छोटं काम नाही. "मागच्या नोकरीतल्या दोन प्रकल्पांबद्दल चार-चार ओळी लिहिणे" हे आहे.

बसायला घराबाहेर एखादी जागा असेल तर फार फरक पडतो. पुष्कळ प्रभागांत अभ्यासिका आहेत, वाचनालयं आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, नगर वाचन मंदिर त्याहूनही जुनं. आजूबाजूला चार माणसं मान खाली घालून काहीतरी करत बसलेली असली की आपणही बसतो. घरच्या डायनिंग टेबलवर बसलं की दारावर कुरिअरवाला येतो, गॅसवर दूध असतं, आणि "तू घरीच आहेस ना, मग जरा" हे वाक्य दिवसातून चारदा ऐकू येतं.

## "नोकरी शोधणं हेच आता पूर्णवेळ काम नाही का?"

असं म्हणणारा माणूस सकाळी लॅपटॉप उघडतो आणि रात्री अकराला मिटतो. मधल्या वेळात त्याने साठ ठिकाणी अर्ज केलेले असतात, त्यांतल्या पन्नास ठिकाणी तेच पत्र. ही मेहनत खोटी नाही, पण बराचसा वेळ पोर्टलवर खाली-वर सरकवण्यात गेलेला असतो, आणि दर दहा मिनिटांनी मेल तपासण्यात. शोधाला दिवसाचे ठरावीक तास द्यावेत, चार पुरेत, आणि नंतर लॅपटॉप बंद. शनिवार-रविवार सुट्टीच ठेवावी. नोकरी जाते तेव्हा सुट्टीही जाते, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. सोमवारी काम नसेल तर रविवारही आरामाचा वाटत नाही, आणि बायका-मुलांबरोबर कुठे जाताना अपराध्यासारखं होतं.

उरलेल्या वेळेतला काही वेळ माणसांना द्यायचा. यात मनाची सोय आहे आणि नोकरीचीही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या दशकात बॉस्टनजवळच्या एका उपनगरात विचारणा केली, की ज्यांना ओळखीतून नोकरी लागली ती ओळख किती घट्ट होती. बहुतेकांनी सांगितलं, अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळलं. कारण साधं आहे. सख्ख्या मित्राला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत आहे. लांबचा ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या मोठ्या अभ्यासातही मध्यम-सैल ओळखींचाच उपयोग जास्त दिसला.

अडचण अशी की नेमक्या याच माणसांना आपण टाळतो. जुन्या कंपनीतला सहकारी, कॉलेजचा वर्गमित्र, सोसायटीतले महापेला जाणारे काका: यांना फोन करायला संकोच वाटतो. मदत मागितली की हात पसरल्यासारखं होतं. मग मदत मागूच नका, माहिती विचारा. "नमस्कार, बऱ्याच दिवसांनी बोलतोय. माझी नोकरी गेल्या महिन्यात सुटली, सप्लाय चेनमध्ये नवं काम बघतोय. तुमच्या क्षेत्रात सध्या कुठल्या प्रकारच्या लोकांची गरज आहे, यावर पंधरा मिनिटं बोलता येईल का? या आठवड्यात तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा." यात रडगाणं नाही, लपवाछपवी नाही, आणि समोरच्याला "माझ्याकडे जागा नाही" असं सांगण्याचं ओझंही नाही. आठवड्याला असे तीन-चार जण पुरेत. दोघे उत्तर देणार नाहीत, हे गृहीत धरूनच मेसेज पाठवावा.

## "लोक काय म्हणतील" याला काय उत्तर

पाचांतली सगळ्यात जास्त रक्त काढणारी गोष्ट ही आहे. ओळख.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरातला पगार थांबला. ठाणे-कळव्यात आजही अशी घरं आहेत ज्यांचे आजोबा त्यांत होते. त्या माणसांनी जे सोसलं त्याची आजच्याशी बरोबरी करण्याचा हेतू नाही. त्यांतले हजारो कामगार पुन्हा गिरणीत परतलेच नाहीत. पण एक फरक सांगण्यासारखा आहे. तेव्हा अख्खी चाळ एकदम बेकार झाली होती, त्यामुळे कुणाला कुणापासून लपवायचं नव्हतं. आज चौदाव्या मजल्यावरच्या बंद दाराआड, एका व्हिडिओ कॉलवर, एकट्याची नोकरी जाते. शेजारच्या फ्लॅटमध्येही तेच झालेलं असू शकतं आणि दोघे लिफ्टमध्ये एकमेकांना "काय, आज वर्क फ्रॉम होम?" विचारतात.

एकट्याने सोसण्याने काय होतं, याचाही अभ्यास झालाय. ब्रिटनमधल्या घरांच्या वर्षानुवर्षांच्या पाहणीतून अर्थतज्ज्ञ अँड्र्यू क्लार्क यांनी २००३ मध्ये दाखवलं की आसपास बेकारी जास्त असते तिथे बेकार माणसाचं मन तुलनेने कमी दुखावतं. पैशाची अडचण सगळीकडे सारखीच असते, पण आपल्यासारखे आणखी आहेत हे दिसलं की लाजेचा भाग हलका होतो. म्हणून जमलं तर नोकरी शोधणाऱ्या तीन-चार जणांनी आठवड्यातून एकदा भेटावं. दादोजी कोंडदेव स्टेडियमबाहेर किंवा वाशी स्टेशनजवळ चहावर भेटलं तरी चालतं. एकमेकांचे रेझ्युमे वाचायचे, मुलाखतीची उजळणी घ्यायची. यात याहोडांच्या पाचांतल्या तीन गोष्टी एकदम मिळतात.

काही जण घरी सांगतच नाहीत. बॅग घेऊन रोजच्या वेळेला बाहेर पडतात आणि मॉलमध्ये, स्टेशनवर दिवस काढतात. त्यामागची भीती मला कळते, विशेषतः वडिलांना हृदयविकार असेल किंवा बहिणीचं लग्न ठरत असेल तेव्हा. पण त्यामुळे नोकरी शोधायची शक्ती नाटक टिकवण्यात खर्च होते, आणि उघड झाल्यावर घरच्यांना नोकरी गेल्यापेक्षा लपवल्याचं जास्त लागतं. निदान एका माणसाला पहिल्या आठवड्यात सांगावं. मुलांनाही सांगावं, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं: "बाबांची नोकरी सुटली आहे, दुसरी शोधतोय, काही महिने पिझ्झा आणि नवे बूट थांबतील, शाळा चालू राहील." मुलांना घरातला ताण तसाही कळतो. कारण न सांगितलं तर ती स्वतःलाच कारण समजतात.

बाहेरच्यांसाठी दोन वाक्यं तयार ठेवावीत. लग्नात, सत्यनारायणाला, सोसायटीच्या मीटिंगला "सध्या काय चाललंय?" हा प्रश्न येणारच. "आमच्या कंपनीत कपात झाली. सध्या क्वालिटी क्षेत्रात बघतोय, काही कळलं तर सांगा." पुढे लगेच दुसरा विषय. तयारी नसली की आपण एकतर खोटं बोलतो किंवा दहा मिनिटं स्पष्टीकरण देत बसतो, आणि दोन्हीनंतर रात्र वाईट जाते.

बायकांच्या बाबतीत वेगळंच घडतं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. बाईची नोकरी गेली की कुणीतरी म्हणतंच, "बरं झालं, आता मुलांकडे बघता येईल." तिचं काहीतरी गेलंय हेच मान्य होत नाही. दिवस मात्र आठवड्याभरात भरून जातो: डबे, क्लासला सोडणं, सासूबाईंचं पथ्य, आणि स्वयंपाकाच्या मावशींना "आता नको" म्हणणं. मारिएन्थालमध्येही घरकामामुळे बायकांचा दिवस पुरुषांसारखा रिकामा नव्हता, तरी गिरणी सुरू झाली तर परत जायला त्या तयार होत्या. दिवस भरला म्हणून बाकीच्या गोष्टी भरून निघत नाहीत. तिला नोकरी शोधायला ठरलेले तीन-चार तास हवेत, आणि त्या तासांत घरात तिला हाक मारायची नाही, हे घराने ठरवायला हवं.

## नकार आला की मन काय करतं

अर्ज केला, दोन फेऱ्या झाल्या, आणि मग शांतता. उत्तरच नाही. अशा वेळी मन रिकामी जागा स्वतःच भरतं: "माझ्यातच काही नाही."

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती ठाणेकरांना नवी नाही, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इथे सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेमुळे ती पुष्कळांच्या कानावर आहे. तिचा गाभा असा: घटना आणि भावना यांच्यामध्ये आपण स्वतःला सांगितलेलं एक वाक्य असतं. "मला ही नोकरी मिळायला हवी होती" ही इच्छा झाली, ती मोडली की वाईट वाटतं आणि वाटायलाच हवं. "मला ही नोकरी मिळालीच पाहिजे होती, नाही मिळाली म्हणजे मी कुचकामी" ही मागणी झाली, आणि ती मोडली की माणूसच मोडतो. एका मुलाखतीवरून एवढंच कळतं की एका जागेसाठी एका दिवशी दुसऱ्या कुणाला घेतलं. आख्ख्या माणसाची किंमत त्यात येत नाही. हे वाक्य वहीत लिहून तपासावं. डोक्यात तपासायला गेलं की गरगरायला होतं.

लिहिण्याचा आणखी एक उपयोग आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी नोकरी गेलेल्या अनुभवी व्यावसायिकांना सलग पाच दिवस, रोज २० मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात असेल ते सगळं लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाने रोजच्या कामाचं नियोजन लिहिलं. पुढच्या काही महिन्यांत मन मोकळं करून लिहिणाऱ्यांपैकी जास्त जणांना नोकरी लागली, आणि तीही त्यांनी जास्त अर्ज न करता. अभ्यास छोटा होता, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण मुलाखतीत "आधीची नोकरी का सोडली?" विचारल्यावर ज्याच्या आवाजात जुना राग चढतो, त्याला पुढे घ्यायला कुणीही कचरतं, हे मुलाखती घेणाऱ्या कुणालाही पटेल. तो राग कागदावर निघाला तर बरंच.

मिशिगन विद्यापीठात १९८० च्या दशकात बेकारांसाठी एक उपक्रम तयार झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून त्याची परीक्षा घेतली गेली. उपक्रमातल्यांना चांगली कामं मिळाली आणि नैराश्याची लक्षणंही कमी राहिली. पुढे फिनलंडनेही तो स्वीकारला. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग म्हणजे नकाराची आगाऊ तयारी. नकार आला तर त्या संध्याकाळी काय करायचं, कुणाला फोन करायचा, दुसऱ्या दिवशी पहिलं काम कुठलं, हे नकार येण्याआधी ठरवून ठेवायचं. त्या क्षणी सुचत नाही, म्हणून.

## "एवढं करूनही उठवत नसेल तर तो माझाच कमकुवतपणा?"

नाही. २००९ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा मानसिक त्रासाचं प्रमाण नोकरीत असलेल्यांत १६ टक्के आणि बेकारांत ३४ टक्के निघालं, म्हणजे दुपटीहून जास्त. काम मिळाल्यावर तो त्रास कमी होतो, हेही त्यात दिसलं. दर तिघांतल्या एकाला होणाऱ्या गोष्टीला कमकुवतपणा म्हणता येत नाही.

ताण आणि आजार यांतली रेषा साधारण अशी ओळखावी: दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटणं, आवडीच्या कशातच रस न उरणं, झोप किंवा भूक पार बिघडणं, स्वतःबद्दल निरुपयोगी वाटत राहणं. रोजची दारू वाढत चालली असेल तर तेही लक्षण समजावं. इथे वही आणि फेरफटका पुरत नाही, डॉक्टर लागतो.

ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. ठाण्यात १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. भरती व्हायचं नाही, तपासून औषध घेऊन घरी यायचं, यासाठीच तो असतो. "आपण नसलेलंच बरं" असा विचार एकदाही आला असेल तर त्याच दिवशी १४४१६ लावावा आणि घरातल्या कुणाला तरी सांगावं. घरच्यांनी असं काही ऐकलं तर "वेड्यासारखं बोलू नकोस" म्हणून विषय बंद करू नये. "मरणाचे विचार येतायत का?" असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, बोलायची वाट मोकळी होते. त्या माणसाला एकटं सोडू नये.

## घरच्यांनी एक करावं

संध्याकाळी दारात पाऊल टाकताच "काही झालं का रे?" हा प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो. नोकरी शोधणाऱ्याला मात्र तो रोजच्या परीक्षेच्या निकालासारखा लागतो, आणि निकाल रोज तोच असतो. त्याऐवजी आठवड्याचा एक वार ठरवावा. शनिवारी सकाळी चहाबरोबर अर्धा तास: या आठवड्यात काय केलं, पुढच्या आठवड्यात काय करायचं, वहीतला पैशाचा आकडा कुठे आहे. आईला, बाबांना, नवऱ्याला, बायकोला जे विचारायचं ते तेव्हा विचारावं. काही घडलं तर तो आपणहून मध्येच सांगेल, तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. बाकीचे सहा दिवस जेवताना त्याच्याशी भाजीबद्दल, मॅचबद्दल, गावच्या घराच्या पत्र्यांबद्दल बोलावं, आणि त्याचं मत विचारावं.